निरोगी नलिकेची साक्ष

शस्त्रक्रियेत काढलेली स्तनातली गाठ पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत पोचते, फॉर्मॅलिनमध्ये मुरते, मेणाच्या ठोकळ्यात बसते आणि मग तिचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. जांभळा हिमॅटॉक्सिलिन आणि गुलाबी इओसिन या दोन रंगांतून काढलेला असा एक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की काचपट्टीच्या एका भागात पेशींची बेशिस्त दाटी दिसते. केंद्रके मोठी, गडद, एकीसारखी दुसरी नाही. मधूनच एखादी पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर सापडलेली. त्याच काचपट्टीवर, पुष्कळदा जेमतेम तीन-चार मिलिमीटर अंतरावर, एखादी धडधाकट दुग्धनलिका असते. तिच्या भिंतीत पेशींचे दोन थर. आतला थर पोकळीला लागून असलेल्या, दुधाशी संबंध येणाऱ्या पेशींचा. बाहेरचा थर चपट्या, आकुंचन पावणाऱ्या पेशींचा. बाळ अंगावर पिऊ लागले की आईच्या रक्तात ऑक्सिटोसिन येते, हा बाहेरचा थर आवळला जातो आणि पान्हा फुटतो.

शिकाऊ डॉक्टर गाठीकडे बघत राहतो. मुरलेला पॅथॉलॉजिस्ट त्या नलिकेवरून नजर फिरवल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते त्या नलिकेबद्दलच.

कर्करोगाच्या पेशीत काहीतरी परके, विषारी असे प्रथिन तयार होते आणि ते शोधले की रोग सापडला, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. ‘कॅन्सरचे प्रथिन सापडले’ अशा मथळ्यांनी तो पोसलाही आहे. जनुकांतल्या बदलांमुळे काही प्रथिने खरोखर बिघडलेल्या रूपात तयार होतात, पण डॉक्टर रोज ज्यांच्यावर निर्णय घेतात त्यातली बहुतेक प्रथिने निरोगी स्तनातही असतात. फरक असतो तो किती आहे, कुठे आहे आणि कोणत्या पेशीत आहे याचा. म्हणून कर्करोगाच्या ऊतीची प्रत्येक मोजणी ही तुलनाच असते, आणि तुलनेची दुसरी बाजू जितकी भक्कम तितकाच निष्कर्ष भक्कम. ती दुसरी बाजू, निरोगी ऊतीची, आजवर कायम लंगडी राहिलेली आहे.

सगळ्यात साधे उदाहरण त्या बाहेरच्या थराचेच. त्या पेशींच्या केंद्रकांत पी-६३ नावाचे प्रथिन असते. ते रंगवणारा अँटीबॉडीचा डाग दिला की निरोगी नलिकेभोवती तपकिरी ठिपक्यांचे कडे उमटते. कर्करोग नलिकेच्या आतच कोंडलेला असेल तर हे कडे शाबूत असते, क्वचित विरळ होते. नलिका फोडून कर्करोग बाहेर पडला असेल तर बाहेर पडलेल्या पेशींच्या पुंजक्यांभोवती कडे नसतेच. एखादे प्रथिन जास्त झाल्यामुळे नव्हे, नाहीसे झाल्यामुळे निदान होते, आणि ‘नाहीसे झाले’ हे म्हणता येते कारण शेजारच्या नलिकेत ते दिसते आहे. तिथेही दिसले नाही तर डागच फसला, असे समजून काम पुन्हा करायचे.

आता थोडे मागे जाऊ. १८९५ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांच्यापुढे एक तरुण स्त्री होती. स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर उलटलेला, पुढे काही करण्यासारखे उरले नव्हते. बीटसन यांनी तिचे बीजकोश काढले. ‘हॉर्मोन’ हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. गाठी विरघळल्या. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. दुग्धोत्पत्तीवर त्यांनी तरुणपणी अभ्यास केला होता, गायींचे बीजकोश काढले की त्या जास्त काळ दूध देत राहतात हे पशुपालकांचे ज्ञान त्यांच्या कानावर होते, आणि त्यावरून बीजकोश व स्तन यांचे काही नाते असणार हा अंदाज त्यांनी बांधला होता. अंदाज अचूक होता. पण इतर शल्यविशारद हीच शस्त्रक्रिया करू लागले तेव्हा लक्षात आले की साधारण तीन स्त्रियांत एकीलाच फायदा होतो. उरलेल्या दोघी बीजकोश गमावतात आणि रोग तसाच राहतो. ती एक कोण, हे आधी ओळखण्याचा मार्ग साठ-सत्तर वर्षे कुणाला सापडला नाही.

तो सापडला शिकागो विद्यापीठात. एलवुड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास बीजकोशांतून येणाऱ्या इस्ट्रोजेन गटातल्या इस्ट्राडायॉल या संप्रेरकाच्या रेणूवर ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, बसवला आणि वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना त्याची अत्यल्प मात्रा टोचली. इस्ट्रोजेनवर विकरांची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून त्याचा परिणाम साधतो, असे त्या काळचे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. जेन्सन यांना दिसले ते वेगळेच. रक्तातून, स्नायूंतून संप्रेरक ओसरून गेले. गर्भाशयात मात्र ते जसेच्या तसे टिकून राहिले. तिथे त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते. ते काहीतरी म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, आजच्या रिपोर्टवरचे ‘ईआर’.

त्यांच्याच संस्थेचे प्रमुख चार्ल्स हगिन्स स्तनाच्या कर्करोगासाठी स्त्रियांच्या अधिवृक्क ग्रंथी काढत असत. ज्यांच्या गाठीत हा रिसेप्टर भरपूर त्यांना त्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, ज्यांच्या गाठीत नाही त्यांना जवळपास होत नाही, हे जेन्सन यांनी दाखवले. बीटसनच्या कोड्याचे उत्तर एका प्रथिनात दडलेले निघाले. १९७० च्या दशकात टॅमॉक्सिफेन आले. ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये तयार केलेला हा रेणू गर्भनिरोधक म्हणून नापास झाला होता. १९७३ मध्ये तो स्तनाच्या कर्करोगावरचे औषध म्हणून ब्रिटनमध्ये मंजूर झाला. अवयव काढण्याऐवजी गोळी आली, आणि ती कोणाला द्यायची हे ईआर ठरवू लागले.

पण ही मोजणी होत कशी होती, ते बघण्यासारखे आहे. गाठीचा ताजा तुकडा शस्त्रक्रियागृहातूनच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा. गोठलेल्या तुकड्याची भुकटी करायची, ती द्रावणात घोळून वेगाने फिरवायची, वरचे पाणी घ्यायचे, त्यात किरणोत्सर्गी इस्ट्राडायॉल मिसळायचे आणि किती धरले गेले ते मोजायचे. उत्तर एका आकड्यात: एक मिलिग्रॅम प्रथिनामागे इतके फेम्टोमोल. अनेक प्रयोगशाळांनी १० ही सीमा धरली होती. वर असेल तर होकार, खाली असेल तर नकार.

आकडा आला की शास्त्रशुद्ध वाटते. पण खलबत्त्यात गेल्यावर तुकड्यात काय काय होते ते कळायला वाव उरत नाही. गाठीच्या पेशी थोड्या आणि भोवतालचा तंतुमय भाग जास्त असेल तर आकडा खाली येई. पाळी सुरू असलेल्या स्त्रीचे स्वतःचे इस्ट्रोजेन रिसेप्टरवर आधीच बसलेले असेल तर किरणोत्सर्गी रेणूला जागा मिळत नसे, आणि तेव्हाही आकडा खाली येई. त्याहून मोठी गंमत अशी, की भुकटी करून फिरवल्यावर रिसेप्टर पाण्यात उतरत असे, त्यामुळे तो पेशीद्रवात राहतो असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. जेफ्री ग्रीन आणि जेन्सन यांनी रिसेप्टरवर अचूक बसणाऱ्या अँटीबॉडी बनवल्या, १९८४ मध्ये त्या अखंड ऊतीवर वापरून पाहिल्या गेल्या, आणि रिसेप्टर दिसला तो केंद्रकात. पेशीद्रवातला रिसेप्टर ही भुकटीची करामत होती.

अँटीबॉडीने काचपट्टीवर रंग देण्याच्या या पद्धतीला पॅथॉलॉजिस्ट ‘आयएचसी’ म्हणतात. तिने आकड्याची जागा चित्राला दिली. चित्रात गाठही दिसते आणि शेजारची नलिकाही.

मग एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. निरोगी नलिकेत ईआर असलेल्या पेशी थोड्याच असतात, आतल्या थरात इकडे-तिकडे विखुरलेल्या. पाचांत किंवा दहांत एखादी. मँचेस्टरच्या संशोधकांनी १९९७ मध्ये एकाच कापावर दोन डाग दिले: एक ईआरचा, दुसरा पेशी विभाजनात असल्याचे सांगणाऱ्या केआय-६७ चा. दोन्ही डाग एकाच पेशीत जवळजवळ कधीच आले नाहीत. म्हणजे निरोगी स्तनात ज्या पेशीला इस्ट्रोजेनचा निरोप कळतो ती स्वतः वाढत नाही. ती शेजारणीला रासायनिक इशारा देते आणि शेजारीण विभागते. कर्करोगात नेमकी ही शिस्त मोडते. ज्या पेशीत ईआर, तीच विभागू लागते, आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तशाच.

मला हा या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर शोध वाटतो, आणि तो पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत उरकला जातो याचे वाईट वाटते. प्रथिन तेच. त्याची रचना बहुधा तीच. संप्रेरकही तेच. निरोगी आणि रोगी यांतला फरक त्या प्रथिनात नसून, त्याने निरोप कोणाला द्यायचा या व्यवहारात आहे. भुकटीच्या मोजणीत हे कधीही दिसले नसते. आणि काचपट्टीवर फक्त गाठ पाहिली असती तरीही दिसले नसते.

हर-टूची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. इथे प्रश्न निव्वळ संख्येचा. पेशीच्या आवरणावर बसणारा हा रिसेप्टर वाढीचे संदेश आत पोचवतो. कॅलिफोर्नियात जेनेन्टेक कंपनीतले आक्सेल उलरिश यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्याचे मानवी जनुक वेगळे काढले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डेनिस स्लॅमन यांच्याकडे गाठींच्या गोठवलेल्या नमुन्यांचा साठा होता. दोघांची गाठ पडली आणि १९८७ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आला: १८९ गाठींपैकी सुमारे ३० टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती दुपटीपासून वीसपटींहून अधिक वाढलेल्या, आणि त्या स्त्रियांत रोग लवकर उलटणारा. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर स्थिरावले. निरोगी नलिकेच्या पेशीवर हर-टूचे साधारण २०,००० रेणू असतात. जनुक वाढलेल्या गाठीत एकेका पेशीवर २० लाखांच्या घरात.

शंभरपट. एवढा फरक असल्यावर औषधाला लक्ष्य शोधावे लागत नाही. ट्रास्टुझुमॅब ही अँटीबॉडी सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि स्तनाच्या कर्करोगाच्या एका आडदांड प्रकाराचे भवितव्य पालटले. पण उरलेल्या शरीरातला हर-टू शून्य नव्हता, फक्त कमी होता. चाचण्यांत काही स्त्रियांचे हृदय कमकुवत झाल्याचे आढळले, विशेषतः ज्यांना जोडीने अँथ्रासायक्लिन गटातली केमोथेरपी दिली जात होती त्यांचे. ताणाखाली असलेल्या हृदयाच्या स्नायूपेशींना टिकून राहायला हर-टूमार्गे येणारे संदेश लागतात. म्हणून आजही हे औषध सुरू करण्याआधी आणि मधूनमधून ‘इको’ काढतात. ज्या प्रथिनाला आपण कर्करोगाचे प्रथिन म्हणू लागलो ते हृदयाचेही होते.

इथवरची गोष्ट एकेका प्रथिनाची झाली. माणसाच्या जनुकसंचात प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. निरोगी आणि रोगी ऊतीतली सगळी प्रथिने एकदम शेजारी ठेवून पाहता आली तर? १९७५ मध्ये पॅट्रिक ओफॅरेल यांनी द्विमितीय जेलची पद्धत प्रसिद्ध केली. जेलच्या पातळ चकतीत प्रथिने एका दिशेने विद्युतभारानुसार आणि दुसऱ्या दिशेने वजनानुसार वेगळी होतात आणि शेकडो ठिपके उमटतात. स्तनाची निरोगी ऊती एका जेलवर, कर्करोगाची दुसऱ्यावर, आणि जो ठिपका इकडे ठळक व तिकडे पुसट तो कापून ओळखायचा. १९९० च्या दशकानंतर अशा तुलनांचे पीक आले.

त्यातले बरेचसे पीक पोकळ निघाले. निरोगी स्तनाचा बहुतांश भाग मेद आणि तंतूंचा असतो. नलिकांच्या पेशी त्यात अगदी थोड्या. गाठ मात्र त्याच थोड्या पेशींची गच्च भरलेली. दोन्ही सारख्या वजनाने घेऊन वाटले तर तुलना कशाची होते? एका बाजूला मुख्यतः चरबी आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः नलिकेच्या पेशी. मग ‘निरोगी ऊतीत जास्त’ म्हणून मेदपेशींची प्रथिने निघतात आणि ‘कर्करोगात जास्त’ म्हणून केराटिन, जी कुठल्याही निरोगी नलिकेत असतातच. तांदूळ-डाळीच्या खिचडीतले मीठ नुसत्या भाताशी ताडून पाहण्यासारखे हे झाले. त्यात रक्ताचे प्रमाण वेगळे असले की हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनही यादीत घुसतात.

चेक संशोधक यिरी पेत्राक यांनी २००८ मध्ये याची चांगलीच हजेरी घेतली. तऱ्हेतऱ्हेच्या रोगांवरचे, तऱ्हेतऱ्हेच्या ऊतींवरचे जेलचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर एनोलेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन, एचएसपी-२७ अशी तीच ती प्रथिने पुन्हा पुन्हा ‘बदललेली’ म्हणून पुढे येत होती. पेशीवर कसलाही ताण आला की ही हलतात, शिवाय ती भरपूर असल्याने जेलवर सहज दिसतात. स्तनाच्या कर्करोगाची खूण म्हणून त्यांचा गाजावाजा करणारे निबंध त्यानंतरही येत राहिले, हे सांगायला हवे.

ऊतींच्या भेसळीवर एक उतारा १९९६ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झाला होता. काचपट्टीवरच्या कापावर पातळ पारदर्शक पडदा ठेवायचा, सूक्ष्मदर्शकातून हव्या त्या पेशी निवडायच्या, तेवढ्याच जागी लेसरचा ठिपका मारायचा; पडदा तिथे वितळून पेशींना चिकटतो आणि उचलला की त्या पेशी तेवढ्या वर येतात. गाठीच्या पेशी एका कुपीत, निरोगी नलिकेच्या दुसऱ्या. तुलना अखेर सजातीय गोष्टींची. फक्त हे काम तासन्‌तास खाते आणि हाती येतो तो ऐवज इतका थोडा, की सुरुवातीच्या यंत्रांना तो पुरतच नसे.

यंत्रे मात्र झपाट्याने सुधारली. आज अशा तुलनेसाठी द्विमितीय जेल फारसे कुणी काढत नाही. ऊतीतून काढलेली प्रथिने ट्रिप्सिन या विकराने कापतात. ते फक्त लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांनंतर कापते, त्यामुळे तुकडे कुठे पडणार हे आधीच ठाऊक असते. मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजतो, मग तुकड्याचाही तुकडा करून पुन्हा मोजतो, आणि संगणक जनुकसंचाशी ताडून प्रथिनाचे नाव सांगतो. वेगवेगळ्या नमुन्यांना रासायनिक बिल्ले लावले तर ते एकत्र मिसळूनही कुणाचे किती ते कळते.

या पद्धतीचा स्तनाच्या कर्करोगावरचा मोठा प्रयोग २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सीपीटॅक या प्रकल्पाने १०५ गाठी घेतल्या. दर्जाची चाळणी लावल्यावर ७७ उरल्या. बारा हजारांहून अधिक प्रथिने आणि त्यांवर फॉस्फेट बसण्याच्या हजारो जागा मोजल्या गेल्या. आरएनए पाहून प्रथिनाचा अंदाज बांधण्याची सवय संशोधकांना लागली होती. तो अंदाज ढोबळच असतो, हे इथे पुन्हा दिसले. काही जनुकांत तर आरएनए आणि प्रथिन यांची तोंडे दोन दिशांना. एरवी आरएनएवरून पडणाऱ्या गटांत न दिसलेला, भोवतालच्या तंतुमय ऊतीचा प्रभाव असलेला एक गट प्रथिनांनी वेगळा पाडला.

आणि निरोगी नमुने? त्या माहितीसंचात ७७ गाठींसोबत निरोगी नमुने होते तीन.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. शिवाय प्रकल्पाचा मुख्य उद्देश गाठींची आपापसांत तुलना हा होता, त्यामुळे संशोधकांना दोष देता येत नाही. पण हाच माहितीसंच पुढे सर्वांसाठी खुला झाला आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी त्यावर ‘निरोगी की रोगी’ ओळखणारी प्रारूपे शिकवू लागले. तीन नमुन्यांवर ‘निरोगी’ची व्याख्या उभी करणे म्हणजे तीन घरे पाहून पुण्याच्या घरभाड्याचा दर ठरवणे.

निरोगी नमुने इतके थोडे का? कर्करोगाची गाठ काढावीच लागते, तिचा तुकडा संशोधनाला मिळतो. निरोगी स्तन कोण कापून देईल? म्हणून संशोधक दोन पळवाटा वापरत आले. पहिली, गाठीच्या कडेची ‘दिसायला निरोगी’ ऊती. ती त्याच स्त्रीची, त्याच वयाची, त्याच शस्त्रक्रियेतली, त्यामुळे सोयीची. पण गाठीच्या शेजारी राहून ती निर्लेप राहत नाही. २०१७ मध्ये अनेक अवयवांच्या आरएनए-माहितीचा धांडोळा घेतला गेला, तेव्हा गाठीशेजारची ही ऊती खऱ्या निरोगी ऊतीसारखीही नाही आणि गाठीसारखीही नाही, मधल्याच कुठल्या अवस्थेत आहे, असे आढळले. दुसरी पळवाट म्हणजे स्तन लहान करून घेण्याच्या शस्त्रक्रियेतून मिळणारी ऊती. ती रोगमुक्त खरी, पण त्या शस्त्रक्रियेला येणाऱ्या स्त्रिया वयाने, वजनाने, स्तनाच्या ठेवणीने सर्वसाधारण स्त्रियांच्या प्रतिनिधी नसतात.

अमेरिकेत इंडियानापोलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात २००७ मध्ये वेगळाच मार्ग निघाला. स्तनाचा कर्करोग नसलेल्या स्त्रियांनी स्वेच्छेने निरोगी ऊती दान करायची. स्थानिक भूल देऊन जाड सुईने काही पातळ दांड्या काढतात, काही मिनिटांत द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकतात, आणि सोबत शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणे, घराण्यातला आजार, औषधे यांची नोंद ठेवतात. सुसान कोमेन यांच्या नावाच्या या ऊतीपेढीला आजवर हजारो स्त्रियांनी दान दिले आहे. पाळीच्या तारखेची नोंद वायफळ नाही. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन वाढते आणि नलिकांतल्या पेशींचे विभाजन वाढते. म्हणजे केआय-६७ चा निरोगी आकडा महिन्याच्या कोणत्या आठवड्यात मोजला यावर हलतो. रजोनिवृत्तीनंतर ग्रंथी आक्रसतात आणि त्यांची जागा मेद घेतो. गरोदरपणात तर सगळे रूपच बदलते. ‘निरोगी स्तन’ अशी एक स्थिर वस्तू नसतेच. अनेक निरोगी अवस्था असतात, आणि गाठीची तुलना त्यातल्या योग्य अवस्थेशी व्हावी लागते.

नमुना किती मिनिटांत गोठवला यालाही तितकेच महत्त्व. सीपीटॅकच्याच गटाने २०१४ मध्ये गाठींचे तुकडे रक्तपुरवठा तुटल्यानंतर वेगवेगळ्या वेळांनी गोठवून पाहिले. तासाभरात प्रथिनांचे प्रमाण फारसे हलले नाही, पण त्यांवरच्या फॉस्फेटच्या खुणा पाच मिनिटांतच बदलू लागल्या. शस्त्रक्रियागृहात ट्रेमध्ये वाट बघत पडलेला तुकडा स्वतःच्या गुदमरण्याची नोंद करत असतो, आणि ती नोंद आपण कर्करोगाची म्हणून वाचतो.

प्रयोगशाळेतली ही चूक निबंध बिघडवते. रुग्णालयातली चूक माणसांची आयुष्ये बिघडवते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळात ईआर आणि पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, यांच्या तपासण्या चुकत राहिल्या. २००५ मध्ये एका रुग्णेच्या गाठीचा प्रकार असा होता, की त्यात ईआर असणे जवळपास ठरलेले. रिपोर्ट मात्र नकारार्थी. तिच्या डॉक्टरांना ते पटले नाही, तपासणी पुन्हा झाली, आणि उत्तर उलटे आले. मग जुने ठोकळे बाहेर निघाले. जवळपास ४०० स्त्रियांचे निकाल चुकले होते. ज्यांना टॅमॉक्सिफेनसारखे औषध मिळायला हवे होते त्यांना ते दिलेच गेले नव्हते. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. ऊती मुरवण्यातला ढिसाळपणा, दर्जा तपासणीचा अभाव, प्रशिक्षण नाही, अशी बरीच कारणे निघाली. त्यातले एक फार साधे होते. काचपट्टीवरच्या निरोगी नलिकेत ईआरचे विखुरलेले ठिपके दिसायला हवेत. तिथेही काही नसेल तर गाठीचा नकार ग्राह्य धरता येत नाही. ही खातरजमा पुरेशी होत नव्हती.

आपल्याकडे ही गोष्ट दूरची मानून चालणार नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही नसलेल्या, म्हणजे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठींचे प्रमाण भारतीय अभ्यासांत पाश्चात्त्यांपेक्षा बरेच जास्त, ३० टक्क्यांच्या आसपास भरते. आपल्या रुग्णांचे सरासरी वय कमी, त्यामुळे यातला काही भाग खराच आहे. काही भाग फॉर्मॅलिनचाही असावा, असे इथले पॅथॉलॉजिस्टच म्हणत आले आहेत. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते. पूर्ण स्तन काढून तो न चिरता तोकड्या बरणीत कोंबला आणि तालुक्याच्या गावाहून शहरात पाठवला, तर बाहेरून तो मुरलेला दिसतो आणि आत गाठ नासत असते. नासलेल्या गाठीत ईआर उरत नाही. नियम सोपा आहे: तासाभरात गाठीला छेद देऊन फॉर्मॅलिनमध्ये, आणि तिथे किमान सहा व कमाल बहात्तर तास. रिपोर्टवर या वेळा लिहिलेल्या असाव्यात, आणि नसतील तर रुग्णाच्या मुलाने किंवा मुलीने विचारायला संकोचू नये. शंका आली तर तोच मेणाचा ठोकळा दुसऱ्या प्रयोगशाळेत नेऊन तपासणी पुन्हा करता येते. ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो आणि मागितला तर मिळतो.

मोठ्या प्रमाणावर प्रथिने मोजण्याचे काम आता मुंबईतही चालते. पवईच्या आयआयटीत प्रोटिओमिक्सची प्रयोगशाळा आहे, टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या संशोधन केंद्राकडे गाठींचा साठा आहे, आणि २०१८ मध्ये या दोन संस्थांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी या कामासाठी करार केला. गाठी आपल्या असतील, तर निरोगी नलिकाही आपल्याच हव्यात. पंचेचाळिशीच्या, दोन मुले अंगावर पाजलेल्या सांगलीच्या बाईच्या गाठीची तुलना इंडियानातल्या दात्रीशी करून किती कळेल, हा प्रश्न मला संशोधकांनी लवकर विचारायला हवा असे वाटते.

दरम्यान हर-टूच्या बाबतीत सीमारेषाच सरकली आहे. काचपट्टीवर हर-टूचा डाग शून्य, एक, दोन किंवा तीन अधिक असा मोजतात. वीस वर्षे फक्त तीनला अर्थ होता. दोन आला तर जनुकाची ‘फिश’ तपासणी, एक आणि शून्य म्हणजे सरळ नकार. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. यात अँटीबॉडीला केमोथेरपीचा रेणू जोडलेला असतो. हर-टूने वाढीचा संदेश द्यायची गरज नाही, अँटीबॉडीला पेशीत शिरण्यापुरता तो असला तरी पुरे. ‘एक’ असलेल्या आणि जनुक न वाढलेल्या ‘दोन’च्या स्त्रियाही जास्त जगल्या. २०२४ पासून तर शून्याच्या आतली फिकट छटाही औषध ठरवताना लक्षात घेतली जाऊ लागली. पॅथॉलॉजिस्टना आता शून्य आणि एक यांतला फरक सांगावा लागतो आणि त्यात त्यांचे आपापसांत बरेचदा एकमत होत नाही. लाखोंची गर्दी ओळखण्यासाठी बनवलेली तपासणी आता हजारांच्या संख्येत निवाडा करायला वापरली जाते आहे. ही संख्या निरोगी नलिकेच्या पेशीवर असते तिच्याच आसपासची. आणि हे औषध निरुपद्रवी नाही: घेणाऱ्यांपैकी काहींच्या फुप्फुसांना सूज येते, म्हणून कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढची मात्रा थांबवून आधी छातीचा सीटी स्कॅन काढतात.